दहावीतल्या मुलीला ध्यानाला बसलं की जास्तच भीती वाटते, काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी १५ वर्षांची, दहावीत. काही महिन्यांपासून सकाळी उठलं की पोटात दुखतं, क्लासच्या टेस्टच्या दिवशी मळमळतं, दोनदा पेपर अर्धवट सोडून घरी आली. डॉक्टरांनी तपासलं, पोटात काही दोष नाही. शाळेतल्या समुपदेशकांनी माइंडफुलनेस (सजगतेचा सराव) सुचवलं, म्हणून आईने मोबाइलवर एक ॲप घेऊन दिलं. आता मुलगी म्हणते, "डोळे मिटून श्वासाकडे बघायला गेलं की धडधड वाढते. मला हेपण जमत नाही." आई विचारते: तिचं काय चुकतंय? नेटाने करायला लावू की सोडून देऊ? आणि मामा म्हणतोय तसं सुट्टीत दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला पाठवू का?

ताई, तिचं काहीही चुकत नाहीये. चिंता जास्त असलेल्या मुलांना डोळे मिटून श्वासावर बसवलं की सुरुवातीला बऱ्याच जणांचं असंच होतं. आहे तशा पद्धतीने रेटू नका, पण विषय सोडूनही देऊ नका. पद्धत बदलायची आहे, आणि का बदलायची हे तिलाही कळलं पाहिजे. म्हणून आधी तेवढं सांगते.

घाबरल्यावर शरीरात अ‍ॅड्रेनॅलिन वाढतं. हृदय जोरात चालतं, पोटाचं काम मंदावतं, हातपाय गार पडतात. यात धोकादायक काही नाही, पळायची किंवा लढायची तयारी असते ती. पण ज्या मुलीला "मला काहीतरी होणार" ही भीती आहे, तिला त्या अवस्थेत आपण सांगतो की डोळे मिट आणि आत बघ. आत काय आहे? धडधड. ती दिसली की भीती वाढते, आणि भीती वाढली की धडधड. त्यात कोणीतरी "खोल श्वास घे" म्हणतं. घाबरलेलं मूल मग छाती भरभरून, भराभर श्वास ओढतं. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या थोड्या आक्रसतात, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. मुलीला वाटतं, झालं, आता चक्कर येणार. म्हणजे शांत होण्यासाठी जे केलं त्यानेच नवीन घाबरवणारी लक्षणं हातात ठेवली.

आता मुख्य मुद्दा. आपण पालक, शिक्षक आणि माझ्यासारखे समुपदेशकही सहज म्हणून जातो की मुलांना स्वतःची जाणीव हवी. चिंता असलेल्या मुलाला स्वतःची जाणीव कमी नसते, फार असते. ते दिवसभर स्वतःकडेच बघत असतं. आवाज कापला का? चेहरा लाल झाला का? पोटात परत कळ आली का? मागच्या बाकावरची हसली ती मला बघून का? बघणं भरपूर चाललेलं आहे, फक्त ते तपासणीसाठी चाललंय. जखम भरली का ते पाहायला सारखी खपली काढून बघणाऱ्या माणसाची जखम भरत नाही, तसंच हे.

बारावीला नीटची तयारी करणारा एक मुलगा माझ्याकडे यायचा. (तपशील बदलले आहेत.) बोलता बोलता त्याची दोन बोटं मानेवर जायची, थांबायची, परत खाली. मी विचारलं, "काय बघतोयस?" तो म्हणाला, "काही नाही, ठोके." "किती हवेत?" "नॉर्मल." "नॉर्मल आले की काय करतोस?" जरा थांबून म्हणाला, "परत बघतो, टिकलेत का ते." पेपर चालू असतानाही हे चालायचं. त्याच्या शिक्षकांना वाटायचं की पोरगं प्रश्नावर विचार करतंय.

त्याला मी ठोके मोजू नकोस असं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने गुपचूप मोजले असते. एवढंच ठरवलं की बोटं मानेकडे निघाली हे लक्षात आलं की मनात म्हणायचं, "तपासणी." ओरडायचं नाही, हात मागे ओढायचा नाही. "तपासणी" म्हणायचं, तळपाय जमिनीला टेकलेत ते जाणवू द्यायचं आणि प्रश्नाची पुढची ओळ वाचायची. काही दिवसांनी तो स्वतःच हसत म्हणाला, "मॅडम, जेवतानाही करतो की मी हे." या हसण्याची मी वाट बघत असते. आपलं मन काय करतंय हे मुलाला जरा बाजूला उभं राहून दिसलं, आणि त्याचा निकाल लावायची घाई नाही. मला अभिप्रेत असलेली सजगता एवढीच आहे. ठोके त्या दिवशीही वाढलेलेच होते.

म्हणजे तुमच्या मुलीला "शांत हो" हे ध्येय देऊ नका. शांत व्हायला बसलेलं चिंताग्रस्त मूल दर अर्ध्या मिनिटाला बघतं, झाले का मी शांत? ती परत तपासणीच. ॲपमध्ये तर "आज किती शांत वाटतंय?" असा प्रश्न असतो, सलग किती दिवस केलं त्याचे आकडे असतात. एक दिवस चुकला की आकडा शून्यावर. ज्या मुलीला टेस्टच्या मार्कांची धास्ती आहे तिला आपण आणखी एक गुणपत्रिका देतो. ते ॲप तूर्त काढून टाका.

या बाबतीत संशोधन काय म्हणतं तेही सांगते, कारण माइंडफुलनेसबद्दल हल्ली दोन्ही टोकांची विधानं कानावर येतात. ज्या आठ आठवड्यांच्या कार्यक्रमातून हे सगळं दवाखान्यांत आलं, तो जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात सुरू केला. तो मोठ्या माणसांसाठी होता, जुनाट दुखणी घेऊन येणाऱ्यांसाठी. पुढे किशोरवयीनांसाठी त्यात बदल झाले, आणि उपचार घेत असलेल्या मुलांना जोडीला तो दिल्यावर चिंता कमी झाल्याचे चांगले अभ्यास आहेत. पण सरसकट पूर्ण वर्गाला शिकवून पाहण्याचा सर्वांत मोठा प्रयोग ब्रिटनमध्ये झाला. ऐंशीहून जास्त शाळा, ८,०००पेक्षा जास्त मुलं, वयं साधारण ११ ते १४. २०२२ मध्ये निकाल आले: नेहमीच्या शिकवण्यापेक्षा मुलांच्या मानसिक आरोग्यात फरक पडला नाही, आणि ज्यांना आधीच त्रासाचा धोका जास्त होता त्यांच्यात काही बाबतींत किंचित तोटाच दिसला. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता.

मला या निकालाचं आश्चर्य वाटलं नाही. आपल्याकडेही अनेक शाळांत परिपाठानंतर दहा मिनिटं आनापान, म्हणजे येत्या-जात्या श्वासाकडे लक्ष देण्याचं ध्यान होतं. "मित्र उपक्रम" म्हणून राज्य सरकारने ते सुरू केलं, ते चांगलंच आहे. वर्ग जरा निवतो, मास्तरांचा आवाज खाली येतो. पण सगळ्या वर्गाला मानवणारी गोष्ट आणि चिंतेचा त्रास असलेल्या एका मुलीचा उपचार, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या कामाला पहिलीला जुंपलं की ती अपुरी पडते आणि मूल म्हणतं, मला जमत नाही.

आता करायचं काय ते.

डोळे उघडे. बसलेली, उभी किंवा चालताना, कसंही. वेळ दोन मिनिटं, घड्याळ लावायचं नाही. लक्ष शरीराच्या आत नको, बाहेर किंवा शरीराच्या कडेला. सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे तळपाय. फरशी गार आहे का, चप्पल कुठे टोचते, वजन टाचेवर आहे की चवड्यावर. त्यानंतर आवाज. पंखा, खालच्या मजल्यावरचा कुकर, रस्त्यावर रिव्हर्स घेणाऱ्या गाडीचं ते गाणं. आवाज आवडले पाहिजेत असं नाही. फक्त ऐकायचे, आणि मध्ये विचार आला की "विचार आला" म्हणून परत आवाजाकडे. मन शंभरदा भरकटलं तर शंभरदा परत आणायचं. तिला स्पष्ट सांगा की परत आणणं हाच व्यायाम आहे. भरकटलं म्हणजे बिघडलं असं तिने धरून ठेवलेलं असणार.

माझ्याकडच्या मुलांना सगळ्यात जास्त आवडतो तो चवीचा प्रकार. परदेशी पुस्तकांत तो बेदाण्यावर करतात. आपल्या मुलांना बेदाणा घेऊन बसवलं की ती कंटाळतात आणि मग मन जातं टेस्टकडे. मी तिखटमीठ लावलेली कैरीची फोड देते, हंगाम नसेल तर आवळा. आधी नुसती धरायची. तोंडाला पाणी सुटतं ते बघायचं. अजून जिभेला लागलेली नाही आणि शरीराने कामाला सुरुवातसुद्धा केली! इथे मी थांबते आणि विचारते, "पेपर अजून हातात आलेला नाही आणि पोट?" बहुतेक मुलांच्या हे पटकन लक्षात येतं, माझ्या दहा मिनिटांच्या भाषणाने येत नाही. विचाराने शरीर हलतं हे त्यांना तोंडातल्या पाण्यावरून कळतं. मग फोड खायची, सावकाश. आंबट इतकं जोरकस असतं की लक्ष धरून ठेवायला कष्ट लागत नाहीत.

श्वास पहिले दोन-तीन आठवडे बाजूला ठेवा. नंतर घ्यायचा झाला तर "खोल" हा शब्द वापरूच नका. नेहमीसारखा, नाकाने श्वास आत, आणि बाहेर सोडताना जरा लांबवायचा, गरम चहावर फुंकर मारतो तितपत. बस्स.

हे सगळं बरं चाललेलं असताना करायचं, हे फार महत्त्वाचं. वेणी घालताना, बसची वाट बघताना, रात्री बाटली भरताना. ऐन मळमळीत पहिल्यांदा करून बघितलं तर ते फसणार आणि तिचा त्यावरचा विश्वास उडणार.

दुसरा भाग नाव देण्याचा. आत्ता ती म्हणत असेल, "मला टेन्शन आलंय." हे फार मोघम आहे. त्याचे तुकडे करायला शिकवा: शरीरात काय (पोटात गोळा, हात गार), मनात कुठलं वाक्य (मी ब्लँक होणार), आणि काय करावंसं वाटतंय (घरी जावंसं). मोडक्या वहीत तीन ओळी, रोज नाही, जमेल तेव्हा. आणि ती वही तुम्ही वाचायची नाही. यातली तिसरी ओळ सगळ्यात मोलाची. कारण चिंता टिकते ती भीतीमुळे कमी आणि टाळण्यामुळे जास्त. पेपर सोडून घरी आली, पोट दुखायचं थांबलं. शरीर काय शिकलं? घरी आलं की वाचतो. पुढच्या टेस्टला ते आणखी लवकर दुखणार.

इथे एक इशारा देते, कारण हे मी वारंवार बघते. माइंडफुलनेस हीच टाळाटाळीची नवी जागा बनू शकते. "आधी जरा शांत होऊ दे, मग आत जाते," म्हणत मूल परीक्षेच्या हॉलबाहेर उभं राहतं, आणि घंटा होते तरी शांत होत नाही. क्रम उलटा हवा. पोट दुखत असतानाच आत जायचं. बाकावर बसल्यावर तळपाय, बाकाचं लाकूड हाताला कसं लागतंय ते, बैठक क्रमांक लिहिताना पेनची पकड, मग पहिला प्रश्न. पोट सोबत येऊ दे, त्याला घरी ठेवून येण्याची अट नको.

सुरुवात अर्थातच बोर्डाच्या पेपरने करायची नाही. पायऱ्या पाडा. घरी वेळ लावून एक प्रश्न, मग घरी पूर्ण पेपर, मग मैत्रिणीसोबत तिच्या घरी, मग क्लासची अशी टेस्ट की जिचे मार्क कुठे लागणार नाहीत, मग नेहमीची. प्रत्येक पायरीवर तोपर्यंत थांबायचं, जोवर ती कंटाळवाणी होत नाही. याला सीबीटीमध्ये (विचार आणि वागण्याची पद्धत बदलायला शिकवणारा मानसोपचार) एक्सपोजर म्हणतात, आणि मुलांच्या चिंतेवर सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो याच उपचाराचा. २००८ साली अमेरिकेत ७ ते १७ वयाच्या ४८८ मुलांवर झालेल्या अभ्यासात १२ आठवड्यांनी नुसत्या सीबीटीने सुमारे ६० टक्के मुलांमध्ये चांगली सुधारणा झाली, नुसत्या सर्ट्रालिन या चिंतेवरच्या गोळीने ५५ टक्के, दोन्ही मिळून ८१ आणि खोट्या गोळीने २४ टक्के. मी सजगतेचा सराव वापरते तो या पायऱ्या चढताना हाताशी असावा म्हणून. त्याच्या जागी नाही.

आता थोडं तुमच्याबद्दल, रागावू नका. तुमच्या पत्रात "रोज सकाळी मी तिला विचारते, आज दुखतंय का" असं आहे. हे विचारणं प्रेमाचं आहे, पण त्यातून तिच्या पोटाची तपासणी करणारी माणसं एकाच्या दोन होतात. उठल्या उठल्या तिचं लक्ष पहिलं पोटाकडे जातं, कारण आईला उत्तर द्यायचंय. आठवडाभर हा प्रश्न बंद करून बघा. त्याऐवजी "पोहे की उपमा?" विचारा. तिने आपणहून सांगितलं तर ऐकून घ्या: "हो का, दुखतंय. चल, वेणी घालू." खोटं म्हणू नका, घाबरूही नका.

तसंच "पेपर सोपाच असेल गं" आणि बाबांचं "टेन्शन घ्यायचंच नाही." पहिल्याने पाच मिनिटं बरं वाटतं, मग ती परत विचारते, कारण पेपर सोपा असेल याची खात्री तुम्हाला तरी कुठे आहे? दुसऱ्याने तिला आपलं टेन्शन लपवायला लागतं. त्यापेक्षा "अवघड असला तरी तू तीन तास बसून येशील" हे वाक्य खरं आहे, आणि पेलवणारंही.

"ध्यान केलंस का?" हेही विचारू नका. गृहपाठांत एकाची भर नको. वाटलं तर तुम्ही स्वतः करा, भाजी निवडताना, न बोलता. मुलं ऐकतात त्यापेक्षा बघतात जास्त.

झोपेबद्दल थोडक्यात: या वयाला ८ ते १० तास लागतात. पहाटे साडेचारला उठून, रात्री बारापर्यंत रिव्हिजन आणि मध्ये दोन कप कडक कॉफी असं चालू असेल, तर कुठलंही ध्यान त्यावर उतारा नाही.

मामांच्या सूचनेबद्दल. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात बोलणं बंद असतं आणि दिवसाला साधारण दहा तास डोळे मिटून बसायचं असतं. ते शिबिर मुळात मोठ्यांसाठी आहे, आणि प्रवेश अर्जातच मानसिक त्रास आणि औषधांविषयी विचारतात, ते उगीच नाही. इगतपुरीच्या परंपरेतली मुलांसाठीची छोटी आनापान शिबिरं वेगळी असतात, पण आत्ता तीही नकोत. जी मुलगी दोन मिनिटं डोळे मिटल्यावर घाबरते, तिला तासन् तास तिथेच बसवून "सवय होईल" म्हणणं मला पटत नाही. हा त्रास ओसरल्यावर तिला स्वतःहून वाटलं तर जाऊ दे की.

तज्ज्ञांकडे कधी जायचं? मी म्हणेन, आत्ताच वेळ घ्या. दोन पेपर सोडून येणं आणि महिनोन् महिने रोजचं पोटदुखणं हे घरगुती प्रयोगांपुरतं राहिलेलं नाही. बालरोगतज्ज्ञांनी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघितलंय का तेवढं विचारून घ्या, कारण धडधड त्यानेही होते. मानसशास्त्रज्ञ निवडताना फोनवरच विचारा की चिंतेसाठी तुम्ही सीबीटी, एक्सपोजर करता का. नुसतं "रिलॅक्सेशन शिकवतो" असं उत्तर आलं तर दुसरं कोणी शोधा. गोळ्यांची गरज आहे का हे मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील. लागल्या तर त्यात कमीपणा नाही, आणि त्या आपल्या मनाने सुरू किंवा बंद करायच्या नाहीत. गावात कोणी नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. ती मरणाबद्दल बोलली, स्वतःला इजा केली किंवा अगदी गप्प होऊन खोलीत राहायला लागली, तर वेळ मिळायची वाट बघू नका. "जगू नये असं वाटतं का तुला?" असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार तिच्या डोक्यात शिरत नाही. असलाच तर बोलायला वाट मिळते. मग तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

राहिला शाळेचा प्रश्न. तिला विचारूनच वर्गशिक्षकांना सांगा, आणि सांगताना "तिला परीक्षेतून सूट द्या" असं म्हणू नका. एवढंच मागा: फार त्रास झाला तर तिला पाणी प्यायला दोन मिनिटं बाहेर जाऊ द्या, आणि ती परत आपल्या बाकावर आली की काही विचारू नका, सगळ्यांसमोर "बरं वाटतंय ना आता?" तर नकोच. पेपर तिच्या बाकावरून उचलायचा नाही, घरी फोन करायचा नाही. पुरवणी मागितली तर द्यायची.